मोबाईलवरून संगणकाला इंटरनेट
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मला वाटले, लोणच्याबिणच्यावर असेल. पण त्यांनी संगणकाचे नाव काढले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी तसे म्हटलेही. त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी करता तेवढेच सांगा." तेव्हा मी करते तेवढेच सांगणार आहे.

घरात संगणक आहे, पण त्याला इंटरनेट आणणारी तार कुठेतरी तुटली आहे, हा अनुभव पुष्कळजणींना असेल. रस्ता खणला की आधी पाणी जाते, मग ही तार. अशा वेळी आपल्या मोबाईलमधले इंटरनेट संगणकाला देता येते, तेही मध्ये तार न लावता. याला हॉटस्पॉट म्हणतात. नाव ऐकून चूल आठवते. फोन तापतोही, म्हणून नाव अगदीच गैर नाही.

आपल्या देशात पहिला मोबाईल ३१ जुलै १९९५ रोजी वाजला आणि इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले ते त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला. दोघांची जन्मवेळ जवळजवळ एकच, पण एकाच फोनातून संगणकाला असे इंटरनेट देण्याची सोय घरोघरी यायला पुढे पंधरा-वीस वर्षे गेली. तार नसताना हे भिंतीपलीकडे जाते कसे, असे आमच्या सासूबाई विचारतात. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये तार न लावता भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. त्याच जातीच्या लहरी या.

फोन इथे दुभाष्याचे काम करतो. गावातल्या टॉवरशी तो एका भाषेत बोलतो आणि घरातल्या संगणकाशी दुसऱ्या, म्हणजे वाय-फायच्या. तिकडचे ऐकायचे आणि इकडे सांगायचे. दोन्हीकडे सारखे बोलावे लागते म्हणून त्याची बॅटरी भराभर उतरते. त्याला चार्जरला लावून ठेवावे, आणि उशीखाली किंवा उन्हात ठेवू नये.

आता कृती. फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट नावाची जागा असते. आयफोनमध्ये तिला पर्सनल हॉटस्पॉट म्हणतात. तिथे आपल्या हॉटस्पॉटचे नाव दिसते आणि पासवर्ड दिसतो. मोबाईल डेटा चालू आहे ना, हे आधी पाहावे आणि मग हॉटस्पॉट चालू करावा. नंतर संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली पंख्यासारखी खूण असते, तिच्यावर टिचकी मारावी. आसपासच्या साऱ्या वाय-फायची यादी उघडते. त्यात आपले नाव निवडून पासवर्ड लिहावा. पासवर्डात मोठे एबीसीडी आणि लहान एबीसीडी वेगळे धरतात. मी हे सारे जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे लिहून भिंतीला लावले आहे. टेबलावरच्या जुन्या संगणकात वाय-फाय नसेल, तर बोटाच्या पेराएवढा एक वाय-फायचा तुकडा मिळतो, तो खोचावा.

यादीत आपले नावच दिसत नसेल तर घाबरू नका. हॉटस्पॉट दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पुष्कळ जुन्या संगणकांना पाचचा पट्टा ऐकूच येत नाही. सेटिंग्जमध्ये २.४ करावे की नाव येते. भिंतीतूनही हाच पट्टा जास्त चांगला जातो. मात्र मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरीही याच पट्ट्यातल्या. भाजी गरम करायला लावली की शेजारी चाललेला मुलांचा वर्ग अडखळतो. माझ्याकडे तरी काम होईपर्यंत भाजी गॅसवरच गरम होते. आणि फोन ठेवावा तो खिडकीशी, जिथे टॉवरच्या दांड्या जास्त दिसतात. लोखंडी कपाटाच्या आड ठेवू नये.

खर्चाचे मात्र नीट ध्यानात घ्या. शेजारणीने आपल्या नळाला पाईप लावला तर पाणी तिच्या घरात जाते, पण मीटर आपला फिरतो. तसेच हे. फोनला दिवसभर पुरणारा दीड जीबी डेटा संगणक तासाभरात संपवू शकतो, कारण तो न विचारता आपल्या सुधारणा उतरवून घेत बसतो. त्याला आवरायला विंडोजच्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' असे बटण आहे. ते चालू करावे. ते केल्यापासून आमच्या घरचा डेटा संध्याकाळपर्यंत पुरतो.

२०२४ च्या जुलैत आमच्या आळीतल्या एका मुलीचा प्रवेशअर्ज भरायचा राहिला होता. मुदत रात्री बारापर्यंत. दाखले सारे संगणकात, आणि तार दुपारपासून बंद. वडील रात्रपाळीला. मुलगी रडत होती आणि तिची आई म्हणत होती, "ह्यांना येऊ दे, ते बघतील." तिच्या हातात तिचाच फोन होता आणि त्यात त्या दिवसाचा डेटा जवळजवळ सगळा शिल्लक होता! मी दिनदर्शिका भिंतीवरून काढून घेऊन गेले. बटणे मात्र तिलाच दाबायला लावली. अकरा वाजून वीस मिनिटांनी अर्ज गेला. पोरीच्या वर्षाची गोष्ट होती, भगिनींनो, आणि उपाय आईच्या कमरेला खोचलेला होता.

एक गोष्ट जरा कडक बोलते. पासवर्डाशिवाय हॉटस्पॉट उघडा ठेवू नका, आणि तो आळीभर वाटूही नका. सिमकार्ड ज्याच्या नावावर, त्याच्याकडेच पुढची विचारणा होते. तुमच्या इंटरनेटवरून परक्याने काही वावगे केले, तर पोलीस आधी तुमचे दार वाजवतील. इथे शेजारधर्म कामाचा नाही. अडल्यानडल्याला जरूर द्यावे, पण आपण समोर बसून द्यावे आणि काम झाले की हॉटस्पॉट बंद करून पासवर्ड बदलावा. पासवर्ड आठ अक्षरांपेक्षा लहान घेतच नाहीत. मुलांची नावे आणि जन्मतारखा ठेवू नका, त्या साऱ्या आळीला पाठ असतात.

येत्या सोमवारी तीन वाजता मी मंडळात संगणकाजवळ बसणार आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी आपापला फोन आणि चार्जर घेऊन यावे. मुलाचा किंवा यजमानांचा फोन आणू नये. अध्यक्षबाईंनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा आपली रजा घेते.