न धरता ठेवलेली पाळत

आजचा विषय प्रोग्रामरांचा असला तरी त्यातला पेच कुणालाही कळेल. एखादी वस्तू नाहीशी झाली का, हे पाहायला तिच्यावर पाळत ठेवली आणि त्या पाळतीमुळेच ती नाहीशी होईना, तर काय करायचे?

जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्पवरच्या निबंधात मेमरी आपोआप मोकळी करण्याची रीत मांडली. चालू कामाच्या हाताशी असलेल्या मुळांपासून निघायचे, एका ऑब्जेक्टकडून दुसऱ्याकडे नेणारे रेफरन्स धरून जिथवर पोहोचता येईल ते सारे राखायचे आणि उरलेली जागा परत घ्यायची. जावाचा गार्बेज कलेक्टर आजही याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच, तपासायचा ऑब्जेक्ट साध्या यादीत नोंदवला, की ती यादीच त्याला तारते.

वीक रेफरन्सने हा पेच सुटतो. त्यातून ऑब्जेक्टपर्यंत जाता येते, पण काय राखायचे हे ठरवताना कलेक्टर तो जमेस धरत नाही. जावात ही सोय १९९८च्या १.२ आवृत्तीपासून आहे. ऑब्जेक्टला दुसरा कुणी धरून नसेल, तर कलेक्टर हा रेफरन्स रिकामा करतो आणि आधी सांगून ठेवले असल्यास त्याला रेफरन्स क्यू नावाच्या रांगेत टाकतो.

याचा मला सर्वांत आवडणारा उपयोग लीककॅनरी या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये अडकलेली मेमरी शोधणाऱ्या साधनात आहे. फोन आडवा केला की जुनी अ‍ॅक्टिव्हिटी (पडदा सांभाळणारा ऑब्जेक्ट) सहसा मोडते आणि नवी तयार होते. जुनीला एखाद्या स्टॅटिक फील्डने धरून ठेवले, तर तिच्याबरोबर पडद्यावरची सगळी बटणे आणि चित्रे मेमरीत अडकतात. लीककॅनरी मोडलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीचा फक्त वीक रेफरन्स ठेवते, ५ सेकंद थांबते आणि कलेक्टर चालवते. तरीही रेफरन्स रिकामा झाला नाही, तर कुणीतरी तिला धरून बसले आहे. मग साऱ्या हीपची, म्हणजे ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीची, प्रत काढून लीककॅनरी मुळापासून त्या ऑब्जेक्टपर्यंतची सर्वांत जवळची साखळी दाखवते. ‘मेमरी वाढतेय’ एवढ्या मोघम तक्रारीतून दोषी ओळीपर्यंत पोहोचवणारे हे काम मला फार मोलाचे वाटते.

मात्र जावाचा वीकहॅशमॅप, म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारा संग्रह, जपून वापरा. त्यात की सैल धरलेली असते, व्हॅल्यू घट्ट. व्हॅल्यूच उलट कीकडे बोट दाखवत असेल, तर ती नोंद कधीच गळत नाही. यावर बॅरी हेस यांनी १९९७ साली एफेमेरॉन सुचवला: की दुसऱ्या वाटेने जिवंत असेल तरच व्हॅल्यू जिवंत धरायची. जावास्क्रिप्टचा वीकमॅप याच रीतीने वागतो.

आणखी एक खळगा फायनलाइझचा, म्हणजे ऑब्जेक्टची जागा परत घेण्याआधी चालणाऱ्या मेथडचा. वीक रेफरन्स रिकामा होतो तो फायनलाइझ चालण्याआधी आणि त्या मेथडमध्ये ऑब्जेक्टला पुन्हा घट्ट धरता येते. म्हणजे नोंदीनुसार ‘गेलेला’ ऑब्जेक्ट प्रत्यक्षात परतलेला असू शकतो. जावातला आणखी सैल असा फॅन्टम रेफरन्स मात्र हे सारे आटोपल्यावरच क्यूमध्ये येतो आणि त्याच्याकडे ऑब्जेक्ट मागितला तर नेहमी नलच मिळते, त्यामुळे त्याच्यामार्फत कुणाला परत आणताच येत नाही. जावा ९ने २०१७ साली फायनलाइझ नापसंत ठरवले आणि फॅन्टमवर उभारलेला क्लीनर दिला. तोही कधी चालेल याची हमी नाही. फाइल किंवा डेटाबेसचे कनेक्शन आपल्या हातानेच, काम संपताच बंद करावे.