संगणकाच्या दारचा रांजण

किल्लारीसारख्या तेरणेकांठच्या गांवीं पाण्याचें मोल कोणास शिकवावें लागत नाहीं. रांधणारी गृहिणी कितीहि चपळ असो. चुलीशीं घागर आणि अंगणांत रांजण भरलेला नसेल, तर तिचा अर्धा दिवस आडाच्या खेपांतच जावयाचा. घरच्या मेजावरील संगणकाचेंहि असेंच आहे.

संगणकांतील गणित करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. तो एका सेकंदांत तीन-चार अब्ज ठोके देतो. परंतु ज्या आंकड्यांवर काम करावयाचें, ते असतात रॅम नांवाच्या मुख्य स्मृतींत. आणि तेथून एखादा आंकडा येईतों दोनशेंच्या आसपास ठोके वाट पाहण्यांत जातात. म्हणून प्रोसेसरच्या शेजारींच एक लहान, अतिशय चपळ स्मृति ठेवतात. तिला कॅश म्हणतात. नुकताच वापरलेला आंकडा आणि त्याचे शेजारी बहुधा पुन्हां लागतात, या अनुभवावर तिची सारी भिस्त आहे. ती वेगवान राहते ती लहान व जवळ आहे म्हणूनच. सगळीच स्मृति तशी करूं म्हटलें, तर खर्चहि वाढेल आणि वेगहि जाईल.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' यंत्राची मुख्य स्मृति २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापानें सुमारें १० किलोबाइट होती. १९८९ सालीं इंटेलच्या ८०४८६ या प्रोसेसरनें ८ किलोबाइटांची कॅश आपल्या पोटांतच घेतली. पुढें २०२२ सालीं एएमडीनें रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर काढला. त्याचे ठोके ५८००एक्स या त्याच्याच भावंडाहून मंद. पण कॅशचा तिसरा थर ३२ ऐवजीं ९६ मेगाबाइटांचा. पुष्कळशा खेळांत हा मंद ठोक्यांचाच गडी पुढें गेला!

यावरून संसारी माणसानें काय घ्यावें? केवळ गिगाहर्ट्झचा आंकडा पाहून पैसे मोजूं नयेत. कॅश किती, रॅमची पट्टी एकच आहे कीं दोन मार्गांवर दोन, हें दुकानदारास विचारावें. रॅम अपुरी पडली, तर संगणकास डिस्कपर्यंत, जणूं आड आटल्यावर तेरणेपर्यंत, जावें लागतें. ज्याला पत्रेंच लिहावयाचीं, त्याला मोठ्या कॅशचा फारसा लाभ नाहीं. त्यानें ते पैसे रॅमवर खर्चावे. मुलांच्या शिक्षणासाठीं पोटाला चिमटा घेऊन यंत्र घेणाऱ्या घराला एवढा विवेक पुष्कळ उपयोगीं पडेल.