तक्रार ही विनवणी नव्हे

(मुळशी तालुक्यातील नांदे येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



रस्त्यावरचा खड्डा, तुंबलेले गटार, बंद पडलेला दिवा हे विषय आपल्या चळवळीत फार काळ किरकोळ मानले गेले. वेतनाचा लढा मोठा, जमिनीचा लढा मोठा. गल्लीचे काय ते सरपंचाने पाहावे, अशी आपली समजूत. परंतु पहाटे पायी कामावर निघणाऱ्या कष्टकरी स्त्रीला शासनाचे पहिले दर्शन याच गल्लीत घडते. मोटारीतल्याला खड्ड्याचा हादरा बसतो. डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्याचा पाय मोडतो आणि मजुरी बुडते.

नांदे हे शहराच्या उंबरठ्यावरचे गाव. 30 जून 2021 रोजी 23 गावे पुणे महानगरपालिकेत घेण्यात आली. त्यांत सूस आणि म्हाळुंगे होते, नांदे नव्हते. त्याआधी 2015 साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले होते. अशा गावातील माणसाला तक्रार काय करावी हे पक्के ठाऊक असते. ती कोणाकडे करावी, हे मात्र उमगत नाही. गावठाणातील गल्ली ग्रामपंचायतीची, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवते आणि खड्डा जागच्या जागी राहतो. शहरात मोबाइलवरून तक्रार नोंदवण्याची सोय झाली, हे चांगलेच. पण एकट्याची तक्रार 'निकाली' असा शेरा मारून मिटवणे तेथेही अवघड नाही.

दुसरे ठरलेले उत्तर म्हणजे 'निधी नाही'. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनाही उघड्या गटारांबाबत हेच ऐकावे लागले. त्यांनी दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1980 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला की, पैशाची अडचण सांगून नगरपालिकेला आपले कर्तव्य टाळता येणार नाही. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याची ती तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये कायम आहे, आणि ती खेड्यालाही लागू आहे.

मुंबईतील खड्ड्यांविषयी न्या. गौतम पटेल यांनी 2013 साली मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले. उच्च न्यायालयाने त्याचीच जनहित याचिका केली. चांगला रस्ता मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने 2015 साली सांगितले. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. परंतु एक न्यायमूर्ती पत्र लिहितो तेव्हा त्याची याचिका होते. एक मजूर लिहितो तेव्हा त्याचा कागद फायलीत पडून राहतो. ही विषमता मोडायची तर मजुराच्या कागदामागे वस्ती उभी राहिली पाहिजे. मृणालताई गोरे यांनी गोरेगावात हेच केले. एकेका घरातले रिकामे हंडे रस्त्यावर एकत्र आले, तेव्हा सत्तेला त्यांचा आवाज ऐकावा लागला.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. वस्तीतून पायी फिरा आणि रस्तानिहाय यादी करा. तक्रार लेखी द्या, अनेकांच्या सह्यांनी द्या, पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. रस्ता कोणाचा हे कळत नसेल, तर त्याचे अंदाजपत्रक, कंत्राटदार आणि दोषदायित्वाची मुदत माहिती अधिकाराखाली मागा. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला, तर तो पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठवणे 2005 च्या कायद्याने बंधनकारक आहे. बोट दाखवण्याच्या खेळावर हा उतारा आहे. आणि ही यादी ग्रामसभेत मांडून तिचा ठराव करून घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. ती कागदावर उरकू देऊ नका, कारण अंधारी गल्ली कोणती हे स्त्रियांना सर्वांत आधी ठाऊक असते.

उद्या नांदे महानगरपालिकेत जाईल की ग्रामपंचायतीतच राहील, हा निर्णय वर होईल. परंतु हद्द कोठेही आखली गेली, तरी जाब विचारण्याची सवय लागलेली वस्ती पोरकी होत नाही. ती सवय लावणे हे आपले काम आहे.