धाकट्या जावेवर घर पडलं
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



मध्यंतरी मी बरेच महिने बैठकीला आले नाही. बचत लेकीच्या हाती पाठवायची. "बरं नाही" एवढंच सांगायची. आज खरं सांगते.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. मोठ्या आतड्याला आतून जखमा, शौचातून रक्त. मी मूळव्याध समजून अंगावर काढलं. शेवटी औषधं लागू पडेनात, म्हणून मोठं आतडं काढलं. लहान आतड्याचं टोक दुमडून आत थैली शिवली आणि खाली जोडली. ती भरून येईपर्यंत शौच पोटावर लावलेल्या पिशवीत.

मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषून घेतं. थोरली जाऊ गेली की घर धाकटीवर पडतं, तसं ते काम लहान आतड्यावर आलं. पण शिकायला त्याला महिने लागतात.

तेव्हा मी चूक केली. घरात लग्न होतं. पिशवी भरेल म्हणून दोन दिवस खाणंपिणंच टाळलं. पायात गोळे, चक्कर, लघवी बंद झाल्यासारखी. सलाईन लावावं लागलं. सिस्टर म्हणाल्या, "नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ वाहून जातं. ओआरएस घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात." तेव्हापासून ओआरएस घोट घोट घेते. मऊ भात, केळं मानवतं. मका, शेंगदाणे सुरुवातीला बंदच होते, अडकतात.

पुढे पोटावरचं तोंड बंद केलं. सुरुवातीला दिवसातून बारा-पंधरा वेळा जावं लागे. आता पाच-सहा वेळा. थैली हळूहळू मोठी होते, तिचं आतलं अस्तरही थोडं मोठ्या आतड्यासारखं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मधे एकदा पुन्हा वारंवार जावं लागलं, कळा, ताप. वाटलं, रोग परत आला. पण ती थैलीची सूज होती, डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकनं उतरली. मनानं गोळ्या घेऊ नका बरं का. बी-१२ आणि लोह यांची तपासणीही सांगतील तेव्हा करायची.

बायांनो, शौचातून रक्त जात असेल तर लपवू नका, आशाताईंना सांगा, डॉक्टरांना दाखवा. आणि कुणाच्या पोटावर पिशवी असेल तर तिला बैठकीत दाराजवळची जागा द्या. मला तेवढी मिळाली असती, तर मी आधीच आले असते.