उन्हाळ्यातील मोटारसायकलचा प्रवास

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारख्या गावी मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. वैशाखातील लग्नकार्ये, महागावच्या तहसील कचेरीतील कामे, पुसद किंवा उमरखेडचा दवाखाना, मृगापूर्वीची बी-बियाण्यांची खरेदी या साऱ्यांसाठी तीच हाताशी असते. ही कामे नेमकी एप्रिल-मे महिन्यांत येतात आणि याच दिवसांत विदर्भात पारा ४५ अंशांच्या घरात जातो.

गाडीवर वारा लागतो, मग ऊन कसे बाधेल, असा अनेकांचा समज असतो. तो घातक आहे. मनुष्याच्या त्वचेचे तापमान साधारणतः ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेल, तर वारा अंगातील उष्णता वाहून नेतो. परंतु ४४ अंशांच्या हवेत तोच वारा शरीराला उष्णता देऊ लागतो. अशा वेळी शरीराची सारी भिस्त घामावर असते. कोरड्या हवेत घाम दिसण्यापूर्वीच उडून जातो. म्हणून अंगातील पाणी किती कमी झाले, हे स्वाराला कळत नाही.

यास्तव उन्हात अंग उघडे टाकू नये. फिक्या रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा. ओला दुपट्टा मानेभोवती गुंडाळून त्याची टोके आत खोचावीत, म्हणजे ती चाकात अडकणार नाहीत. हेल्मेट उकाड्याच्या सबबीवर काढू नये. ते अपघाताप्रमाणेच उन्हापासूनही डोक्याचे रक्षण करते. आर्णीमार्गे यवतमाळ गाठावयाचे असल्यास पहाटेच निघावे आणि दुपारी १२ ते ४ ही वेळ टाळावी. तासाभराच्या आत एकदा निंबाच्या सावलीत थांबावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक किंवा कैरीचे पन्हे घ्यावे; मद्य घेऊ नये. चाकांतील हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. तापलेल्या चाकात दाब वाढतोच. म्हणून वाटेत हवा सोडू नये.

डोके जड होणे, मळमळ, पायांत पेटके, चक्कर ही लक्षणे दिसताच गाडी थांबविलीच पाहिजे. दुचाकीवर क्षणभराची भोवळही जिवावर बेतते. सोबती असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. खिशातील कांद्यावर विसंबून वेळ दवडू नये.

मागे बसलेले मूल किंवा वृद्ध माता आपला त्रास सांगेलच असे नाही. स्वाराला त्यांचा चेहराही दिसत नाही. म्हणून प्रत्येक मुक्कामी त्यांची विचारपूस करणे हे त्याचे कर्तव्य ठरते. दुपार सावलीत काढल्याने कचेरीतील काम एखाद्या दिवसाने लांबेल, लग्नातील पंगत चुकेल. परंतु माणसे सुखरूप घरी परततील.