आजीचा पाय, पाहुण्यांची नजर : फरशी आणि छतातले दिवे कसे निवडायचे?

आजच्या भागात कोडिंग नाही, पॅकेज नाही, नोकरी कशी बदलायची तेही नाही. आज विषय आहे फरशी आणि छतातले लाइट. हसू नका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट माझ्यासारखीच आहे. नोकरी पुण्यात, हैदराबादला किंवा बेंगळुरूला, आणि चार पैसे साठले की पहिला मोठा खर्च गावाकडच्या घरावर, नाहीतर हप्त्यावर घेतलेल्या जुन्या फ्लॅटवर. चार वर्षं बीटेक केलं, पण टाइल्सच्या दुकानात गेल्यावर 'डबल चार्ज' म्हणजे काय ते कुणी शिकवलेलं नसतं.

माझं गाव धर्मापुरी, बीड जिल्हा. केदारेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे ना, तेच गाव. घर साधं. स्लॅबच्या तीन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ओसरी. खाली शहाबादी फरशी, काही ठिकाणी उखडलेली. घरात आई, अण्णा, लहान बहीण आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी. आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. रात्री दोनदा तरी उठते, काठी घेऊन बाथरूमला जाते.

आता अण्णांचं ऐका. बहिणीसाठी स्थळं यायला लागलीत. अण्णांचं म्हणणं, "पाहुणे दारात आले की आधी खाली बघतात. फरशी आरशासारखी पाहिजे. तुझ्या हापिसात काचेसारखी फरशी, अन् बापाच्या घरात खडबडीत व्हय?" यात नुसती हौस नव्हती. पोरीच्या लग्नाचा प्रश्न होता, बापाच्या मानाचा प्रश्न होता. आणि दुसऱ्या बाजूला आजीचा पाय. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो, हे गावात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणजे बजेट एक, घर एक, आणि मागण्या दोन. ऑफिसात याला आपण रिक्वायरमेंट क्लॅश म्हणतो.

तर आधी फरशीचं गणित. आपल्याकडं जुन्या घरात जी शहाबादी असते ती चुनखडीच्या दगडाची. शहाबाद कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात. १९५६ पर्यंत तो भाग आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होता. पिढ्यान् पिढ्या ही फरशी का टिकली? उन्हाळ्यात थंड, पायाला पकड देणारी, आणि वरचा थर खराब झाला तर मशीननं घासून पॉलिश करता येते. त्यामुळं जुनी फरशी आहे म्हणून लगेच सगळी उखडायची, असं करू नका. आधी नाण्यानं ठोकून बघा. टणक आवाज आला तर खालून भरीव आहे, ढब आवाज आला तर पोकळ आहे. आमच्या ओसरीची बहुतेक फरशी भरीव निघाली. ती आम्ही ठेवली, नुसती घासून घेतली.

बाजारात मिळणाऱ्या टाइल्सचे मोटामोटी दोन प्रकार. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड. फरक आहे पाणी किती पितात त्याचा. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या ०.५ टक्क्याहून कमी पाणी शोषते. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल १० टक्क्यांच्या वर शोषते. म्हणून भिंतीची टाइल स्वस्त मिळतेय म्हणून जमिनीला लावायची नाही. व्हिट्रिफाइडमध्ये परत दोन. डबल चार्ज म्हणजे रंगाचा थर काही मिलिमीटर जाड, भरपूर वापराला चांगली. आणि जीव्हीटी, पीजीव्हीटी म्हणजे वर छापलेलं डिझाइन आणि त्यावर ग्लेझचा थर. पीजीव्हीटीतला पी म्हणजे पॉलिश्ड, म्हणजे चकचकीत. अण्णांना हवी होती ती हीच. यातला बराचसा माल गुजरातच्या मोरबीतून येतो, मग दुकान परळीत असो की पुण्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानदार म्हणतो, "साहेब, ही अँटिस्किड आहे, आर ९ आहे." ऐकायला भारी वाटतं. पण ही मोजणी आर ९ पासूनच सुरू होते. म्हणजे आर ९ ही सगळ्यात खालची पायरी, त्यावर आर १०, ११, १२ आणि १३. जर्मनीतल्या या चाचणीत उतरत्या फळीवर तेल टाकतात आणि माणूस बूट घालून चालतो. फळी किती अंशाला गेली की पाय सटकतो, ते बघतात. आर ९ म्हणजे ६ ते १० अंश, आर १० म्हणजे १० ते १९. आणि लक्षात घ्या, बूट घालून! आपण घरात अनवाणी फिरतो. ओल्या अनवाणी पायासाठी वेगळी मोजणी आहे, ए, बी आणि सी. सी सगळ्यात चांगली. बाथरूमसाठी टाइल घेताना ही अक्षरं विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये बघायला सांगा.

कॅटलॉग नसेल तर साधी युक्ती. सॅम्पलची टाइल खाली ठेवा, त्यावर पाणी आणि थोडा साबण टाका, चप्पल काढा, आधाराला कुणाचा तरी हात धरा आणि पाय घासून बघा. दुकानात लाजू नका. पैसे आपले आहेत.

आम्ही हेच घरी केलं. परळीच्या दुकानातून दोन सॅम्पल आणले. एक अण्णांच्या पसंतीचं पीजीव्हीटी, एक सॅटिन मॅट. दोन्ही ओसरीत ठेवले आणि वर पाणी टाकलं. मी काहीच बोललो नाही. आजी खुर्चीत बसून होती. तिनं बसल्या जागी चकचकीत टाइलवर पाय ठेवला, तो सर्रकन पुढं गेला. "लेकरा, ही फरशी हाय का आरसा? मला यात पाणी दिसंना गेलंय." हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. घसरणं एक, पण चमकणाऱ्या फरशीवर सांडलेलं पाणी अधू नजरेला दिसतच नाही. अण्णांनी दोन्ही टाइल्सवरून स्वतः पाय फिरवला. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅटमधी उजळ रंगाची दाखव."

मॅटचे तोटेही सांगतो. फार खरखरीत टाइलमध्ये मळ अडकतो, आणि पुसायचं काम आईच्या गळ्यात. म्हणून हॉलला सॅटिन मॅट, म्हणजे हाताला गुळगुळीत पण चमक नाही. खरखरीत फक्त बाथरूमला. तिथं एक बाय एकची छोटी टाइल घेतली. छोट्या टाइलला सांधे जास्त, त्यामुळं पकड जास्त, आणि पाण्याचा ढाळ नीट काढता येतो. आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं. काळ्या चकचकीत फरशीवर त्याचे पांढरे डाग लगेच उठतात. हलका, थोडा दाणेदार रंग घ्या, डाग झाकून जातात.

हिशेब. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. 'दोन बाय दोन' टाइल खरं तर ६०० बाय ६०० मिलिमीटर असते, दोन फुटांपेक्षा किंचित कमी. चार टाइल्सचा बॉक्स १६ नाही, साडेपंधरा चौरस फूट भरतो. कटिंग आणि तुटफूट धरून १० टक्के जास्त घ्या. म्हणजे १३२ भागिले साडेपंधरा, साडेआठ. नऊ बॉक्स. सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर एकच आहे का बघा, नाहीतर एकाच खोलीत दोन रंग दिसतील. उरलेल्या टाइल्स माळ्यावर जपून ठेवा.

मिस्त्रीशी एक गोष्ट आधीच बोलून घ्या. व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती नीट धरत नाही. टाइल ॲडहेसिव्ह वापरा, आणि ते चार कोपऱ्यांत गोळे ठेवून नाही, दातेरी पट्टीनं पूर्ण पसरून. मध्ये दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर लावा. आपल्या उन्हाळ्यात फरशी फुगते, सांधा नसेल तर उचकटते. फ्लॅटवाल्यांनी जुन्या टाइलवर नवी बसवायची असेल तर आधी दारं मोजा. उंची एक-दीड सेंटिमीटर वाढते आणि दार अडकतं. उखडणार असाल तर सोसायटीची परवानगी काढा आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग नव्यानं करा.

आता वर बघू. फॉल्स सिलिंग करायचं का? आमचा स्लॅब साडेनऊ फुटांवर. सिलिंग केलं की निदान चार-सहा इंच जातात. आम्ही फक्त हॉलच्या कडेनं पट्टा केला, मधला भाग मोकळा ठेवला. पंखा नेहमी स्लॅबच्या हुकाला, सिलिंगच्या पत्र्याला कधीच नाही. आणि डाउनलाइट पंख्याच्या पात्यांवर येऊ देऊ नका. पातं उजेड कापत राहतं आणि खोलीभर सावल्या लपलपतात. १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट जातं. लाइट तीन फुटांच्या बाहेर ठेवा.

किती लाइट लागतील? वॅट बघू नका, ल्युमेन बघा. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. आपली १२० चौरस फुटांची खोली साधारण ११ चौरस मीटर. बसायच्या खोलीला १५० लक्स धरले तर १६५० ल्युमेन. पण सगळा उजेड खाली पोचत नाही, ६० टक्के धरा. मग २७५० लागतात. चांगला एलईडी वॅटला १०० ल्युमेनच्या आसपास देतो. म्हणजे १५ वॅटचे दोन पॅनल पुरे. दुकानदार आठ सांगेल.

रंगाचं तापमान केल्विनमध्ये. ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० पांढराफटक. हॉल आणि स्वयंपाकघराला ४०००, झोपायच्या खोलीला ३०००. सीआरआय ८० च्या खाली नको, नाहीतर भाजीचा आणि साडीचा रंग मेल्यासारखा दिसतो. लाइट लुकलुकतो का, हे फोनचा स्लो मोशन व्हिडिओ काढून बघा. पट्टे पळताना दिसले तर तो लाइट परत ठेवा. गावात व्होल्टेज वरखाली होतं, म्हणून बॉक्सवर १०० ते ३०० व्होल्ट असं काही लिहिलंय का वाचा. आणि प्रत्येक खोलीतला एक लाइट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

आजीसाठी वेगळा विचार. साठीच्या डोळ्यात विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पडद्यापर्यंत पोचतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांना उजेड जास्त लागतो. पण चमक सहन होत नाही, विशेषतः मोतीबिंदू असला की. उघडा स्पॉट आणि खाली चकचकीत फरशी, म्हणजे डोळ्यात दोनदा टोचणार. दुधी काचेचे पॅनल घ्या. आजीच्या खाटेपासून बाथरूमपर्यंत आम्ही गुडघ्याखाली तीन छोटे पिवळे लाइट लावले, सेन्सरवाले. खाटेवरून पाय खाली टेकला की लागतात. सगळ्या घरात सर्वांत स्वस्त काम हेच होतं.

पाहुणे येऊन गेले. फरशीबद्दल कुणीच काही बोललं नाही, चहाबद्दल बोलले. पुढचं अजून ठरतंय. आजीनं मात्र नव्या फरशीवर काठी आपटून बघितली आणि म्हणाली, "बरी हाय."

तर तुमच्या घरी काम निघालं असेल तर दुकानात जायच्या आधी दोन गोष्टी करा. घरात सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात हळू चालणारं माणूस कोण, ते ठरवा. आणि रात्री दोन वाजता, लाइट न लावता, त्याच्या खाटेपासून बाथरूमपर्यंत एकदा स्वतः चालून बघा. यादी तिथंच तयार होते. खोलीची मापं, स्लॅबची उंची आणि बजेट लिहून पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन घरांचा हिशेब इथंच मांडू. भेटू!