युद्धनौकेचे अखेरचे कवच : तोफ की क्षेपणास्त्र?

(नौदल दिनानिमित्त शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेले भाषण)



दर वर्षी 4 डिसेंबर रोजी आपण नौदल दिन साजरा करतो. 1971 साली त्या रात्री ‘निर्घात’, ‘निपात’ व ‘वीर’ या आपल्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर हल्ला चढविला आणि पाकिस्तानची विनाशिका ‘खैबर’ जलसमाधी पावली. त्यापूर्वी 21 ऑक्टोबर 1967 रोजी इजिप्तच्या अशाच नौकांनी पोर्ट सैदजवळ इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका बुडविली होती. लहानशी नौका मोठ्या जहाजाचा नाश करू शकते, हे या दोन घटनांनी जगाला दाखवून दिले. मग मोठ्या जहाजाने आपले रक्षण कसे करावे? या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

वेळेचे गणित

पाण्यालगत पाच मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र पृथ्वीच्या गोलाईमुळे दुरून दिसत नाही. जहाजाचे रडार 20 मीटर उंचीवर असले, तर ते सुमारे 27 किलोमीटर अंतरावर प्रथम टिपले जाईल. त्याचा वेग सेकंदास 300 मीटर धरला, तर जहाजाच्या हाती जेमतेम दीड मिनिट उरते. ध्वनीच्या अडीचपट वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्रापुढे अर्धे मिनिटच मिळते. शत्रू ओळखणे, निर्णय घेणे व मारा करणे ही सर्व कामे एवढ्या अवधीत उरकावयाची असतात.

तोफेची बाजू

अमेरिकेची फॅलँक्स तोफ 1980 साली जहाजांवर येऊ लागली. तिला 20 मिलिमीटर व्यासाच्या सहा नळ्या असून ती आता मिनिटास 4500 गोळ्या झाडते. तिचे रडार येणाऱ्या क्षेपणास्त्रावर जसे लक्ष ठेवते, तसेच स्वतःच्या गोळ्यांवरही ठेवते व नेम सुधारीत जाते. गोळ्या तुलनेने स्वस्त असतात आणि लक्ष्य अगदी जवळ आले तरी तोफ निरुपयोगी ठरत नाही. जानेवारी 2024 मध्ये तांबड्या समुद्रात ‘ग्रेव्हली’ या अमेरिकन विनाशिकेने सुमारे एक मैलावर येऊन ठेपलेले क्षेपणास्त्र याच तोफेने पाडले.

मात्र तिचा परिणामकारक पल्ला सुमारे दीड किलोमीटरच आहे. म्हणजे हाती उरतात पाच सेकंद. पेटीतील 1550 गोळ्या वीस सेकंदांत संपतात. शिवाय इतक्या जवळ फुटलेल्या क्षेपणास्त्राचे जळते अवशेष त्याच वेगाने जहाजावर येऊन आदळू शकतात.

क्षेपणास्त्राची बाजू

अमेरिका व जर्मनी यांनी मिळून तयार केलेल्या ‘रॅम’ या क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे नऊ किलोमीटर आहे. पाच सेकंदांच्या जागी तीस सेकंद मिळाले, तर पहिला नेम चुकल्यावर दुसरा धरता येतो. एका प्रक्षेपकात 21 क्षेपणास्त्रे असल्याने एकामागून एक येणाऱ्या अनेक लक्ष्यांना तोंड देता येते. परंतु प्रत्येक क्षेपणास्त्राची किंमत भारी, प्रक्षेपक रिकामा झाल्यावर तो पुन्हा भरण्यास वेळ लागतो, आणि लक्ष्य फार जवळ आले की क्षेपणास्त्राला वळून ते गाठण्यास वावच उरत नाही.

यास्तव बहुतेक नौदलांनी दोहोंची सांगड घातली आहे. 2003 साली आपल्या नौदलात आलेल्या ‘तलवार’वर रशियाची ‘कश्तान’ यंत्रणा बसविण्यात आली. तीत एकाच बैठकीवर दोन तोफा व आठ क्षेपणास्त्रे असतात. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कोलकाता’ विनाशिकेवर दूरच्या माऱ्यासाठी बराक-8 क्षेपणास्त्रे, तर निकटच्या रक्षणासाठी 30 मिलिमीटरच्या एके-630 तोफा आहेत.

यंत्र आणि माणूस

तथापि एवढ्याने प्रश्न सुटत नाही. 17 मे 1987 रोजी इराणच्या आखातात इराकी विमानाने सोडलेली दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रे अमेरिकेच्या ‘स्टार्क’वर आदळली व 37 नौसैनिक मृत्यू पावले. त्या जहाजावर फॅलँक्स तोफ होती. पण ती स्वयंचलित स्थितीत ठेवलेली नव्हती. 14 जुलै 2006 रोजी बैरूतजवळ इस्रायलच्या ‘हनित’वर तोफही होती आणि बराक क्षेपणास्त्रेही होती. शत्रूपाशी असे अस्त्र असेल ही अपेक्षाच नसल्याने दोन्ही स्वस्थ राहिली आणि चार नौसैनिक प्राणास मुकले.

मग यंत्र सदैव मोकळे सोडावे काय? फेब्रुवारी 1991 मध्ये ‘मिसुरी’ या अमेरिकन युद्धनौकेने शत्रूच्या रडारला चकविण्यासाठी धातूचा मुलामा दिलेले तंतू हवेत उडविले. जवळच्या ‘जॅरेट’वरील स्वयंचलित तोफेने त्यांनाच शत्रू मानले आणि तिच्या काही गोळ्या ‘मिसुरी’वर लागल्या. 1996 साली सरावाच्या वेळी एका जपानी विनाशिकेच्या तोफेने, लक्ष्य ओढून नेणारे अमेरिकन विमानच पाडले. सुदैवाने दोन्ही वैमानिक वाचले.

पाच सेकंदांत माणसाला विचार करता येत नाही, हे खरे. म्हणूनच यंत्रावर किती विसंबावे व केव्हा, हे त्याने आधीच ठरवून ठेवले पाहिजे, आणि त्या निर्णयाचा नित्य सराव केला पाहिजे. तोफ आणि क्षेपणास्त्र ही दोन्ही जनतेच्या पैशातून घेतली जातात. त्या पैशाचे सार्थक पहाऱ्यावर जागे असलेल्या माणसाच्या हातून व्हावयाचे असते. पुराची सूचना देणारे यंत्र असो की गावातील अग्निशामक पंप असो, आपल्या ताब्यातील प्रत्येक साधनाच्या बाबतीत हाच हिशेब आपणांसही लागू आहे.